कुंकू लावायला आत या

शहात्तर साली लग्नाच्या कायद्यात बदल झाला. नवरा-बायको दोघांचीही तयारी असेल तर मिळून अर्ज करून सुटता येतं, ही बातमी आमच्या कारंज्यात आली ती अर्धवटच आली. बाजारात कुणी सांगे, कोर्टात कागद टाकला की आठ दिवसांत मोकळे. कुणी सांगे, बाईला अर्धं वावर मिळतं. माझे वडील एका वकीलसाहेबांचे मुन्शी होते. त्या साहेबांच्या ओट्यावर रोज एखादं तरी जोडपं येऊन बसायचं आणि ऐकीव कायद्यावरून पुन्हा नव्यानं भांडायचं. साहेब म्हातारे होते, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि जगात त्यांना चीड होती ती अर्धवट माहितीची. महिन्यातल्या एका रविवारी अशा जोडप्यांना एकत्र बसवायचं आणि कायदा काय म्हणतो तेवढं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. भांडण मिटवायचं नाही की लावायचं नाही. माहिती द्यायची आणि पुढचं ज्याचं त्यानं पाहायचं.

जागा एका शेठजींनी दिली. जैन मंदिरामागच्या धर्मशाळेचा लांबट हॉल, सतरंज्या आणि सगळ्यांना चहा. शेठजी पूर्वी कापसाचे व्यापारी होते. सरकारनं कापसाची खरेदी हाती घेतल्यापासून ते तूर-ज्वारीवर आले होते, पण पारखायची सवय गेली नव्हती. पाच-सहा बैठका झाल्यावर त्यांनी साहेबांना विचारलं की तुम्ही बोलता, लोक ऐकतात, चहा पितात, पण ह्याचा कोणाले काही उपयोग होते का? मग दोघांनी मिळून एक फॉर्म तयार केला, सायक्लोस्टाइल करून आणला, आणि बैठकीला आलेल्या जोडप्यांच्या घरी जाऊन तो भरून आणायला माणूस शोधायला लागले.

मी तेव्हा बी.ए. होऊन नोकरीची वाट पाहत घरी होते. आईच्या मते, खाट मोडेपर्यंत लोळत होते. वडिलांनी माझं नाव सुचवलं. शेठजींना पटलं नाही. लग्न न झालेली पोरगी नवरा-बायकोचं काय पारखणार, असं त्यांनी माझ्यासमोरच विचारलं. मला राग आला. राग आला की माझं डोकं फार चालतं, असा माझा तेव्हा समज होता. मी म्हटलं, कापूस पारखायला कापसाचं झाड व्हावं लागत नाही. शेठजी हसले आणि काम मला मिळालं. ह्या उत्तराचा मला पुढे कितीतरी दिवस अभिमान होता.

बैठकीत टिपणं घ्यायचं कामही माझ्याकडेच आलं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला आणि साहेब मधे खुर्चीवर. दोघांना वेगवेगळं बसवून सांगितलं तर एकाला एक सांगितलं, दुसऱ्याला दुसरं, असा संशय येतो, म्हणून माहिती दोघांना समोरासमोर, एकाच वेळी. साहेबांचा हा नियम होता आणि मला तो फार न्यायाचा वाटायचा.

कार्तिकातल्या बैठकीत ती आली. माहेर धनजचं, कारंज्याजवळचंच. सासर मात्र लांब रिसोडकडे, रिठदला. भाऊ तिला घेऊन आला होता आणि निरोप धाडून नवऱ्यालाही बोलावून घेतलं होतं. नवरा दिसायला शांत, पांढरा सदरा, मांडीवर टोपी. तो हात उचलायचा, हे भावानं साहेबांना आधीच सांगितलं होतं. दोघांनाही सुटायचं होतं. भांडण होतं ते पोरीवरून. लग्नानंतर सहा वर्षांनी झालेली एकुलती एक पोरगी, आणि ती दोन्ही घरांना हवी होती. सासरच्या घराचंही हे मी कबूल केलं पाहिजे की पोरीवर त्यांचा जीव होता. आमच्याकडे पंचांसमोर काडीमोड झाली की लेकरं बापाची, हा जुना रिवाज. त्यामुळे ती बाई गप्प बसून नांदत आली होती.

साहेबांचं बोलून झालं की ते कोणाला काही विचारायचं आहे का असं म्हणत आणि बायकांच्या बाजूनं कधीच कोणी बोलत नसे. त्या दिवशी ती बोलली. पदर डोक्यावर पुढे ओढून, जमिनीकडे पाहत तिनं विचारलं,

"लेकरू कोनाजवळ राह्यते?"

साहेब म्हणाले की पाच वर्षांच्या आतलं असलं तर सहसा आईजवळ. कोर्ट लेकराचं भलं पाहतं. सहसा ह्या शब्दावर त्यांनी नेहमीप्रमाणे जोर दिला आणि तो शब्द नेहमीप्रमाणे कुणाच्याच कानात शिरला नाही. पाच तेवढे सगळ्यांनी ऐकले. मी पाहिलं, ती अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होती. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. चैतावर येऊन अंगठा थांबला. मला ते इतकं भावलं की मी टिपणात लिहून ठेवलं. समोरच्या सतरंजीवर कोण काय मोजत होतं, तिकडे मी पाहिलंच नाही.

आठ-दहा दिवसांत कळलं की नवरा स्वतः धनजला आला, मेहुण्याच्या पाया पडला, झालं गेलं विसरू म्हणाला आणि बायको-पोरीला घेऊन रिठदला गेला. साहेबांनी भुवया उंचावल्या. शेठजींनी त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना पेढे वाटले.

पौषात मी फॉर्म घेऊन रिठदला गेले. कारंज्याहून वाशिम, वाशिमहून रिसोडची एसटी. हातात कातडी बॅग, डोळ्यांना चष्मा आणि केसांची एकच घट्ट वेणी, म्हणजे मी मोठी दिसावी. त्या घरी मी पोचले तर माझ्यासाठी शाळेतून लोखंडी खुर्ची आणून ओसरीवर मांडलेली. आमच्या भागात बाईमाणूस घरी आलं की ते सरळ आत जातं. चुलीजवळ पाट मिळतो, जरा वेळानं चहा मिळतो आणि घराची खरी हकीकतही तिथेच मिळते. ओसरीवर बसतात ते पुरुष. मला मात्र ओसरीवर खुर्ची मिळाली, कपबशीतला चहा मिळाला, आणि सासऱ्याच्या वयाची माणसं माझ्यासमोर खाली बसली. मला काय वाटलं ते खोटं कशाला सांगू. मला फार बरं वाटलं. आईनं हे पाहायला पाहिजे होतं असं वाटलं.

फॉर्ममधले प्रश्न मी एकेक करून वाचले. उत्तरं नवऱ्यानं दिली. सध्या दोघं कुठे राहता? एकत्र. बैठकीत सांगितलेलं समजलं का? समजलं. कोणती माहिती सगळ्यांत उपयोगी पडली? तो म्हणाला, "लेकरायची." मी लिहून घेतलं. मनात म्हटलं, बघा, पोरीपायी बाप वळला. पोरगी आजीच्या मांडीवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. आजी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली की येत्या चैतात पाच पुरे होतीन. मी पोरीकडे पाहून कौतुकानं हसले.

बाईला काही विचारायचं आहे, असं मी म्हटलं. फॉर्मवर तसं लिहिलंच होतं, पत्नीचे मत. नवऱ्यानं आत हाक मारली. ती दाराच्या आडून म्हणाली की थे सांगतीन तेच माहं. मी तेही लिहून घेतलं. पत्नीचे मत, तेच.

फाइल मिटून उठले तेव्हा ती पहिल्यांदा दारात आली. हातात करंडा होता.

"बाई, आत या ना. कुंकू लावते."

मी घड्याळ पाहिलं. तीनची एसटी चुकली असती तर वाशिमला मुक्काम पडला असता. मी म्हटलं, "इथंच लाव ना. बस जाईल माझी."

ती उंबऱ्याच्या आतच थांबली. पुन्हा म्हणाली, "आत देवाजवळ लावते. एकच मिनिट." सासू ओसरीवरून म्हणाली, बाईले जाऊ दे, मोठं काम असते त्यायचं. मला ते मोठं काम ऐकून आणखीच घाई झाली. मी कपाळ पुढे केलं. ती उंबरा ओलांडून बाहेर आली, सगळ्यांसमोर मला कुंकू लावलं, आणि ते भुवईवर सांडलं. नव्यानं संसार मांडलेली बाई, संकोचली असेल, असं मला वाटलं. एसटीत बसून मी फॉर्मच्या तळाशी निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं, नांदते. त्याखाली रेघ ओढली. अक्षर सुंदर आलं होतं.

माझा अहवाल वाचून शेठजी खूश झाले. साहेबांनी मात्र एकच विचारलं, ती बाई स्वतः काय म्हणाली? मी म्हटलं, तेच. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. दुसऱ्या कामाला लागले.

वैशाखात तिचा भाऊ ओट्यावर आला. तिला रिठदहून घालवून दिलं होतं, अंगावरच्या लुगड्यानिशी. पोरगी ठेवून घेतली होती. चैतात पोरीला पाच पुरे झाले, गावजेवण घातलं, आणि आठव्या दिवशी नवरा म्हणाला, आता तुहा रस्ता तुले मोकळा. कायद्यानं पोरगी आता माही. भाऊ हे सांगत होता आणि मी दाराशी उभी होते. मला कार्तिकातली ती बोटांची पेरं आठवली. दोन्ही सतरंज्यांवर मोजणं झालं होतं. तिनं बाहेर पडायला किती महिने उरले ते मोजलं, आणि त्यानं तिला किती महिने धरून ठेवायचं ते.

दुसऱ्याच दिवशी मी धनजला गेले. कशाला गेले ते मला धड सांगता आलं नसतं. तिचा तो पौषातला फॉर्म बरोबर घेतला होता, कारण फॉर्मशिवाय कुणाच्या दारात उभं राहायची मला सवय उरली नव्हती. ती अंगणात तुरीच्या काड्या मोडत होती. मला पाहून उठली, हात धुतले आणि मला हाताला धरून आत नेलं. देवाच्या कोनाड्यापुढे बसवलं, करंडा काढला आणि मला कुंकू लावलं. ह्या वेळी ते नीट भुवयांच्या मधे लागलं.

मग तिनं सांगितलं. आवाज चढला नाही की रडली नाही. पौषातच तिला नवऱ्याचा बेत कळला होता. मायलेकाचं बोलणं तिनं ऐकलं होतं. तिला लिहिता येत नव्हतं, घराबाहेर एकटं सोडत नव्हते, विहिरीवरसुद्धा सासू बरोबर असायची. स्वतःच्या आणि पोरीच्या कपड्यांचं गाठोडं बांधून तिनं धान्याच्या कोठीमागे ठेवलं होतं. कारंज्याची बाई येणार असं कळलं तेव्हा तिला वाटलं की झालं. बाईमाणूस आहे, आत येईल. कुंकवाला आत बोलावलं तर कोणी अडवणार नाही, कुंकवाला कोण अडवते. तेवढ्यात सांगता येईल की धनजला माझ्या भावाला म्हणा, चैताच्या आत येऊन आम्हां दोघींना घेऊन जा.

"एवढंच सांगाचं होतं," ती म्हणाली. "एवढ्याले एक मिनिट लागलं असतं."

मी रडायला लागले तर तिनं मलाच पाणी दिलं, आणि तिच्या हातचं पाणी पिताना मला माझी जेवढी लाज वाटली, तेवढी पुढे आयुष्यात कधी वाटली नाही. मग तिनं माझ्या बॅगेकडे पाहिलं.

"त्या दिशी तुमी माह्या नावावर काय लिहून नेलं?"

मी सांगितलं, नांदते असं लिहिलं. तिनं विचारलं, आता? मी तो कागद काढला, तिच्यासमोर त्या शब्दावर रेघ मारली, आणि तिनं वाकून पाहिलं.

"तुमचं बरं हाय, बाई," ती म्हणाली. "तुमचं खोडता येते."

ती चिडून बोलली नव्हती. चिडली असती तर मला सोसलं असतं.

साहेबांना मी सगळं सांगितलं, माझ्या खुर्चीसकट. ते रागावले नाहीत. म्हणाले, पाच म्हणजे काही भिंत नाही, नंतरही मागता येतं, कोर्ट लेकराचं भलं पाहतं. त्यांनी बिनफीचा अर्ज केला. शेठजींनी एसटीचं भाडं दिलं. त्यांनी मला दुकानात बोलावून एवढंच म्हटलं की कापसाची गाडी आली की आम्ही वरचा कापूस पाहून भाव करत नव्हतो. खांद्यापर्यंत हात घालून आतला काढायचो. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. झाडाच्या त्या उत्तराची त्यांनी मला आठवण करून दिली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

अर्ज अकोल्याच्या कोर्टात होता, कारण तेव्हा आमचा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यातच होता. तारखा पडत गेल्या. आषाढ गेला, दिवाळी गेली. माघातल्या तारखेला कोर्टानं पोरीला घेऊन यायला सांगितलं होतं. मी तिच्याबरोबर गेले. आवारात कडुलिंबाखाली सासू पोरीला घेऊन बसली होती. पोरीच्या अंगात शाळेचा निळा फ्रॉक, नवी रिबीन. ती आईला विसरली वगैरे नव्हती. धावत आली, मांडीवर बसली, आईनं आणलेला तिळाचा लाडू खाल्ला आणि शाळेतलं काय काय सांगत राहिली. पाटीवर नाव येतं म्हणाली. मास्तर पहिल्या रांगेत बसवतात म्हणाली. आई तिच्या तोंडाकडे पाहत होती. लाडू संपला तसं पोरीनं हात फ्रॉकला पुसले आणि विचारलं की आई, आपून संध्याकाळच्या आत घरी जाऊ ना? सकाळी शाळा हाय माही.

घरी म्हणजे रिठदला. आईला ते कळलं. मलाही कळलं.

आतून पुकारा व्हायला अजून वेळ होता. ती उठून साहेबांकडे गेली आणि म्हणाली की अर्ज मागे घ्या. साहेबांनी समजावलं, मी समजावलं, भाऊ तर चिडलाच. ती म्हणाली,

"जजसाहेब इचारतीन तिले, कोनाजवळ राह्यतं म्हून. थे आजीचं नाव घेईन. मंग मोठी झाली का तिले जन्मभर वाटीन, मी मायले नाई म्हनलं. तिले तसं म्हनावं लागू नये."

साहेबांनी तिच्यापुढे हात जोडले. इतक्या वर्षांत त्यांनी कोणत्या अशिलापुढे हात जोडल्याचं वडिलांना आठवत नव्हतं. सुटीत भेटायला येऊ द्यायचं एवढं नवऱ्याकडून लिहून घेतलं. ते त्यानं पाळलं की नाही, हे मला पुढे नीट कळलं नाही.

परतीच्या एसटीत भाऊ मागे बसला, आम्ही दोघी पुढे. मूर्तिजापूर मागे पडलं. माझ्या बॅगेत वर्षानं पुन्हा भरून घ्यायचा दुसरा फॉर्म होता आणि तो मी काढणार नव्हते. तिनंच विचारलं की तुमचा थो कागद कुठं गेला. मी नवा काढला. म्हणाली, आता मले इचारा. त्या दिशी माह्या तोंडचं कोनी लिहिलंच नाई.

मी विचारलं. कोणती माहिती उपयोगी पडली?

ती म्हणाली, "माहिती खरी होती, बाई. साहेब खोटं नाई बोलले. पन तुमी दोघायले एकदमच सांगतली. जो मोकळा हिंडते त्याच्या कामी आली थे. माह्या पायात दोरी होती."

मी ते तिच्याच शब्दांत लिहिलं. पुढच्याच महिन्यापासून साहेबांनी बायकांना आतल्या खोलीत आधी बसवायला सुरुवात केली आणि एकेकीचं ऐकून घेऊ लागले. पुरुष बाहेर कुरकुरायचे. तेवढा एक बदल त्या साऱ्या फॉर्मांतून झाला, आणि तो तिला मिळाला नाही.

मी फॉर्म मिटायला लागले तर तिनं माझा हात धरला. सगळे प्रश्न झाले का, विचारलं. झाले, म्हटलं.

"पोट्टीचं काईच नाई का याच्यात?"

मी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. खरंच नव्हतं. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, गाव, एकत्र की वेगळे. साहेबांनी, शेठजींनी, मी, कोणीच तो रकाना ठेवला नव्हता. मी म्हटलं, समासात लिहिते, सांग.

तिनं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला, माघ, फाल्गुन, आणि पुढच्या पेरावर थांबली.

"लिहा," ती म्हणाली. "चैतात सहा पुरे होतीन."